सुभेदारांनी मोजलेल्या स्पेस

मला एक वाईट खोड आहे. कामाला बसले की काम सुरू करायच्या आधी मी कामाचं हत्यारच बदलत बसते. प्रोग्रॅमरचं हत्यार म्हणजे एडिटर, ज्या खिडकीत आपण कोड लिहितो ती. आता ती नुसती खिडकी राहिलेली नाही म्हणा. चूक झाली की खाली लाल रेघ ओढते, अर्धा शब्द लिहिला की उरलेला आपणच लिहून मोकळी होते. साताऱ्याला इंजिनिअरिंगला असताना पहिला एडिटर हाताला लागला, तेव्हापासून मी अकरा बदलले. रंग किती बदलले ते विचारूच नका. काळा डोळ्यांना बरा म्हणून काळा केला. दुपारी खिडकीतनं ऊन आलं की त्यात माझंच तोंड दिसायला लागलं म्हणून पांढरा केला, मग राखाडी. मनासारखा फॉन्ट शोधण्यात एकदा अख्खा दिवस गेला. आई आटपाडीहून फोन करून विचारायची, "काय करतीयास?" मी म्हणायचे, काम करतेय. कसलं काम न् कसलं काय.

एका जागी बूड टेकत नाही, असं आई लहानपणापासून म्हणते. खरंच आहे ते. माझी बोटंसुद्धा गप्प राहत नाहीत. विचार करायची वेळ आली की मी फाइल सेव्ह करते. काही बदललेलं नसलं तरी करते. मिनिटात चार वेळा.

सांगलीत विश्रामबागेला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. साहेब, आम्ही पाच-सहा जण आणि सुभेदार. नदीपलीकडच्या एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. त्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे वजनकाट्याचं. उसाची गाडी काट्यावर चढते, भरल्या गाडीचं वजन होतं, ऊस खाली करून आली की रिकाम्या गाडीचं होतं, आणि पावती निघते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं वर्षभराचं पीक म्हणजे ती पावती. हा प्रोग्रॅम सुभेदारांनी लिहिलेला होता, मी शाळेत होते तेव्हा.

ते पाटणकडचे. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तुकडीत होते, तिथंच कॉम्प्युटर शिकले, सुभेदार होऊन रिटायर झाले आणि सांगलीत एक खोली घेऊन राहिले. साहेबांसकट सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे, मी काका म्हणायचे. त्यांचा एडिटर निळ्या पडद्याचा. त्यात माऊस चालत नाही, रंग नाहीत, चूक झाली तर तो काही बोलत नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं होतं.

"काका, हा म्युझियममध्ये ठेवा की."

"ठेव की. पन मला बी त्याच्या शेजारी बसव," ते म्हणाले. "त्यो माझ्या मधी मधी बोलत न्हाई, तेवडं मला लय झालं."

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. टोपण लावलेलं बॉलपेन पडद्यावर टेकवायचं आणि एकेक अक्षर मोजत पुढं जायचं. अक्षर संपलं तरी मोजणं चालूच. कारण त्या जुन्या प्रोग्रॅमला ओळ कुठं संपते ते कळत नव्हतं, त्याला फक्त मोजता येत होतं. पावतीच्या नमुन्याची जी फाइल होती, तिच्यातली प्रत्येक ओळ बरोब्बर ऐंशी घरांची. मजकूर तीस घरांत संपला तर पुढची पन्नास घरं स्पेस देऊन भरायची. एक जरी कमी पडली तर खालची ओळ सरकून वर येणार आणि आकडे भलत्याच घरात जाऊन बसणार.

"रिकामं दिसतंय म्हनून रिकामं समजू नगंस," ते मला सांगायचे. "तितं जवान उभा हाय. अंधारात हाय म्हनून दिसत न्हाई."

मी हो हो म्हणायचे. मनात म्हणायचे, काय हा म्हाताऱ्याचा उद्योग. त्या वर्षी साहेबांनी मला काट्याचा प्रोग्रॅम नव्यानं लिहायला सांगितला होता आणि मी हवेत होते. महिनाभर मी सगळ्यांना माझ्या नव्या एडिटरचं कौतुक ऐकवत होते. सुभेदारांना तर जास्तच. तुम्ही दिवसभर मोजता ते हा एका फटक्यात करतो, काका. सेव्ह केलं की सगळी फाइल आपोआप नीटनेटकी. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं हाय."

साहेबांनी एकदा त्यांच्यासमोरच म्हटलं होतं की मॅडमचा प्रोग्रॅम तयार झाला की सुभेदारांना आराम. सुभेदार पेन टेकवून मोजतच राहिले. पण त्यांना आराम नको होता, हे ऑफिसातल्या चहावाल्यालासुद्धा माहीत होतं. पाटणला शेती भावाकडं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून यायला त्यांना एक जागा लागत होती, आणि ती जागा म्हणजे तो काटा.

तर हंगाम सुरू व्हायचा होता. रविवारी कारखान्यावर मोळीची पूजा होती. गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी टाकायची, नारळ फोडायचा, की हंगाम सुरू. शनिवारी सुभेदारांनी त्या नमुन्याच्या फाइलीत नव्या हंगामाचं साल घातलं, सगळ्या ओळी मोजल्या आणि घरी गेले. रविवारी पूजेला साहेब मला घेऊन गेले. पूजा झाल्यावर कारखान्याचे एक संचालक आमच्याकडं आले आणि म्हणाले, "वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री लिहितो. पावतीवर श्री नको का? एवढा मोठा हंगाम, आणि पावती तशीच मोकळी."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. सुभेदार पूजेला आलेले नव्हते, त्यांना फोन करावा असं मनातसुद्धा आलं नाही. श्री लिहायला कुणाला विचारायचं? आमच्याकडं वाण्याच्या यादीवरसुद्धा श्री लिहितात. काट्याच्या खोलीत मी लॅपटॉप जोडला, फाइल माझ्या एडिटरमध्ये उघडली, पहिल्या मोकळ्या ओळीच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलं, कारण त्या प्रिंटरला मराठी येत नव्हतं. सेव्ह केलं. सवयीनं आणखी दोनदा सेव्ह केलं. चाचणीची एक पावती छापली. काट्यावर गाडी नव्हती, त्यामुळं वजनाच्या जागी सगळी शून्यं आली. पण वर श्री झकास दिसत होतं. संचालकांनी ती पावती कपाळाला लावली आणि गव्हाणीजवळ देवाच्या फोटोपुढं ठेवली.

सोमवारी सकाळी साडेआठला साहेबांचा फोन. काट्यावर जा, पावत्या चुकतायत. सुभेदार आधीच पोचले होते. मी स्कूटरवरनं गेले तर कारखान्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले. एक शेतकरी काट्याच्या खिडकीशी पावती हातात धरून उभा होता.

"आवं, बावीस टनाची गाडी हाय माझी," तो सुभेदारांना सांगत होता. "पावतीवर दोन टन. वरचं वीस टन काय म्या वाटंत खाल्लं व्हय?"

"पावनं, जरा दम धरा," सुभेदार म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते निळ्या पडद्यावर पेन टेकवून मोजायला बसले होते, पण मागं ट्रॅक्टरचे हॉर्न, खिडकीत माणसं, आणि मोजता मोजता ते सारखे चुकत होते. मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शनिवारी रात्रीची फाइल माझ्याकडं होती, कारण नव्या प्रोग्रॅमसाठी मी सगळा फोल्डर उतरवून घेतला होता. शनिवारची आणि आजची अशा दोन फायली शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, श्री सोडून. मग मी स्पेस दाखवायचं बटण दाबलं. त्यानं प्रत्येक स्पेसच्या जागी एक बारीक ठिपका दिसतो.

शनिवारच्या फाइलीत प्रत्येक ओळीनंतर ठिपक्यांची रांग होती, पार उजव्या कडेपर्यंत. आजच्या फाइलीत एकही नव्हता. माझ्या एडिटरनं सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या सगळ्या स्पेस फालतू समजून पुसून टाकल्या होत्या. तसं करायला त्याला मीच सांगून ठेवलं होतं, त्याच नीटनेटकेपणाच्या हौसेपायी.

मी लगेच शनिवारची फाइल परत जागेवर ठेवली, श्री त्यांच्याच निळ्या एडिटरमध्ये नीट मोजून लिहिलं. पुढच्या गाडीची पावती बरोबर निघाली. सुभेदार माझ्याकडं बघून म्हणाले, "गावलं व्हय?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण बाहेरच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येत नव्हतं.

"काय झालं होतं?"

"स्पेस कमी पडल्या होत्या," मी म्हटलं.

"शनिवारी सुभेदारांनीच फाइल केली ना? तू तर नुसतं एक श्री घातलंस. मी कधीपासून म्हणतोय, त्यांचं आता वय झालं."

सुभेदार माझ्या शेजारीच उभे होते. फोनकडं बघत ते म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याच हातनं झालं असंल."

मी तोंड उघडायला हवं होतं. तीन शब्द पुरले असते. पण महिनाभर ज्याच्या जिवावर मी नाक वर करून हिंडत होते त्या एडिटरनं घात केला होता, बाहेर शे-दीडशे माणसं पावत्या हातात घेऊन उभी होती आणि नवा प्रोग्रॅम माझ्या हातात होता. मी मूग गिळून बसले. संध्याकाळी सांगू, असं मनाला सांगितलं. आधी गाड्या हलू देत.

संध्याकाळी सांगितलं नाही. त्या रात्री मी एडिटरमधलं ते सेटिंग बंद केलं. मग सगळी सेटिंग पुसली. मग तो एडिटरच काढून टाकला आणि दुसरा घातला. त्याचा रंग आवडला नाही म्हणून पुन्हा पहिला घातला. जेवण गेलं नाही.

मंगळवारी सुभेदार अर्धा तास आधी येऊन बसले होते. पडद्यावरची अक्षरं त्यांनी मोठी केली होती. चष्मा काढायचा, रुमालानं पुसायचा, परत घालायचा, आणि पेन टेकवून पहिल्यापासून मोजायचं. तीच ओळ तिसऱ्यांदा मोजताना मी पाहिलं आणि मला बसवेना. उठून पाणी प्यायले. पुन्हा उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"अगं, जरा हिकडं ये," त्यांनी हाक मारली. "ही ओळ मोज बरं. माझं एकूनऐंशी येत्यात."

मी मोजली. "ऐंशी आहेत, काका."

"व्हय? बघ, असं व्हतंय." ते स्वतःशीच हसले. "तीस वर्षं सिग्नलला काडली. बर्फात, वाळवंटात. कवा एक अक्षर चुकलं न्हाई. आन् आता हितं बसून चुकायला लागलो. थँक्यू हां पोरी."

त्या थँक्यूनं मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा सांगू का?"

"सांग," ते म्हणाले.

तसल्या वेळी माणूस स्वतःला काय काय सांगतो. मी स्वतःला सांगितलं की काम तर सुरळीत झालंय, कुणाचं नुकसान नाही, त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या बदलून दिल्या. सुभेदार तसेही आज ना उद्या थांबणारच आहेत. हे शेवटचं सांगताना माझी मलाच घाण वाटली, तरी सांगितलं. बुधवारी मी नव्या प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहिल्या असतील. बाकी दिवस फॉन्ट. संध्याकाळी आयर्विन पुलावर गेले, अर्ध्यातनं परत फिरले, परत गेले. घरी आईचा फोन आला तर तिलाच सगळं सांगून टाकलं. एडिटर, स्पेस वगैरे तिला काय कळणार, पण तिनं मधला भाग बरोबर उचलला.

"म्हंजी त्यो मानूस सोताला आंधळा समजाय लागलाय," ती म्हणाली, "आन् तू बघत बसलीयास."

मी फोन ठेवून दिला. राग तिचा आला होता, म्हणजे मला तसं वाटलं.

गुरुवारी सकाळी सुभेदारांची खुर्ची मोकळी होती. साहेब चहा पीत म्हणाले, "मिरजेला गेलेत, डोळे दाखवायला. काल जाताना भेटून गेले. म्हणाले, नजर राहिली नाही, काट्यावर माझ्यामुळं परत घोटाळा नको, महिनाअखेर मोकळं करा. मी म्हटलं, बरं."

मी तिथंच, उभ्या उभ्या साहेबांना सगळं सांगितलं. एका दमात, वाक्यं तोडून, मधेच पुन्हा मागं जाऊन. साहेबांनी ऐकलं, कप खाली ठेवला.

"अगं मग सोमवारीच सांगायचंस की," ते म्हणाले. "मी काय खाणार होतो तुला? जा, त्यांना सांग जा. मला म्हणशील तर ते राहिले तर बरंच आहे, हंगाम डोक्यावर आहे."

म्हणजे ज्या भीतीनं मी चार दिवस जळत होते ती भीती एवढीशी होती. ते कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, पण मला आणखीच कानकोंडं झालं. मी स्कूटर काढली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात व्हरांडाभर बाकं होती आणि बाकांवर डोळे मिटून बसलेली माणसं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तासभर तसंच बसवतात. सुभेदार शेवटच्या बाकावर होते. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, हात गुडघ्यांवर. डोळे मिटलेले आणि गालांवर थेंबांचं पाणी ओघळलेलं.

"काका."

"कोन?" त्यांनी मान वळवली, डोळे उघडले नाहीत. "तू व्हय? हितं कशी? काटा बंद पडला का?"

"नाही. काटा चालू आहे." मी त्यांच्या शेजारी बसले. "काका, तुमची मोजणी चुकली नव्हती. रविवारी पूजेनंतर मी ती फाइल माझ्या एडिटरमध्ये उघडली. पावतीवर श्री घालायला. त्यानं सेव्ह करताना शेवटच्या स्पेस पुसल्या. तुमच्या ओळी शनिवारी बरोबर होत्या. सगळ्या ऐंशी होत्या. तुमची नजर चांगली आहे."

 शेजारच्या बाईंना नर्सनं आणखी एक थेंब घातला आणि ती पुढं गेली. मला वाटलं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"कवा कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. काट्यावरच."

"साहेबांचा फोन आला, त्याच्या आदी का मागनं?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

"आधी," मी म्हटलं.

"मंगळवारी तुला ओळ मोजाय लावली, तवा म्हाईत हुतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. "मी चार दिवस झोपलो न्हाई," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला वाटलं, आता आपलं संपलं. पोरीला पुन्याला फोन केला, म्हनलं, मी येतो तुज्याकडं ऱ्हायला. ती रडली."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, काका, माफ करा. चूक झाली.

"चूक मशीननं केली. तिचं काय न्हाई," ते म्हणाले. "चूक कुनाकडनं बी हुती."

नर्सनं त्यांना हाक मारली. ते उठले तेव्हा मी त्यांचा हात धरला, कारण त्यांना समोरचं दिसत नव्हतं. त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली, दुसऱ्या हातानं भिंत चाचपली आणि भिंतीच्या आधारानं आत गेले.

अर्ध्या तासानं बाहेर आले. मी अजून तिथंच होते. हातात स्कूटरची किल्ली होती, ती मी सारखी या हातातून त्या हातात करत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डोळे चांगले हायत. नंबर बी त्योच," ते माझ्या आवाजाच्या दिशेनं म्हणाले. "सोमवारी कामावर येतो. साहेबांना मी सांगतो. नव्या पोग्रामचं तुझं जे काम ऱ्हायलंय त्ये बी दावीन तुला. हंगाम चालला पायजे."

"चला, मी तुम्हाला घरी सोडते. गाडी आणलीय."

त्यांनी ते ऐकलं, आणि माझ्या पलीकडं बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडं तोंड वळवलं.

"पावनं, सांगलीच्या बशीला जानार हाय का कोन? मला जरा रस्ता वलांडून द्या. थेंब घातल्यात, दिसत न्हाई."

तो माणूस उठला. त्यानं सुभेदारांचा हात आपल्या हातात घेतला, आणि माझ्याकडं बघून जरा घुटमळला.

"ह्या बाई तुमच्यासंगं न्हाईत व्हय?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "मी एकटाच आलोय."